न झालेल्या प्रवासांची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

एसटीच्या ताफ्यात दाखल होणाऱ्या इलेक्ट्रिक बसविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर विजेवरची पहिली ‘शिवाई’ धावली, याचा मलाही मनापासून अभिमान आहे. परंतु गाडीची लांबी, आसने, एकदा चार्ज केल्यावर कापले जाणारे अंतर हा सगळा तपशील बातमीत असताना, ती गाडी कोणाची कोणती अडचण दूर करणार आहे याविषयी त्यात काही नव्हते. हा दोष बातमीदाराचा नाही. ग्रामीण प्रवासाविषयी जी माहिती नियमितपणे गोळा होते ती रस्ते, गाड्या, किलोमीटर आणि तिकिटे यांची असते. ज्याला जायचे होते पण जाता आले नाही, त्याला त्या माहितीत जागा नसते. पर्यायी आणि पर्यावरणपूरक वाहतुकीवर पुढील काळात जो खर्च व जे संशोधन होईल त्याची सुरुवात या न झालेल्या प्रवासांच्या नोंदीपासून व्हावी, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे भूगोल शिकवला. आमच्या खोऱ्याच्या टोकाच्या गावाला पूर्वी मुक्कामी गाडी येत असे. रात्री साडेआठच्या सुमारास ती गावात पोहोचे, चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर पथारी टाकत, आणि पहाटे पावणेसहाला ती गाडी दुधाचे कॅन, पालेभाजीच्या पाट्या, तालुक्याच्या दवाखान्याला निघालेली वृद्ध माणसे आणि माझे विद्यार्थी घेऊन खाली उतरे. एका पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि गाडी सहा किलोमीटर अलीकडच्या फाट्यापर्यंतच येऊ लागली. मोरी पुन्हा बांधली गेली, पण तोपर्यंत दूधवाल्यांनी भागीत पिकअप घेतली होती, मुलगे कोणाच्या ना कोणाच्या मोटारसायकलच्या मागे बसून येऊ लागले होते, आणि वरच्या गावात गाडी नेण्याइतके प्रवासी उरले नव्हते. माझ्या हजेरीपटावर वरच्या वाडीतील मुलींच्या नावापुढे आधी पहिल्या तासाची, मग आठवड्यातील दोन-तीन दिवसांची गैरहजेरी दिसू लागली. बारावीच्या वर्षाला त्यांतील दोघी आल्याच नाहीत. एकीच्या वडिलांना मी बाजाराच्या दिवशी भेटलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सर, दारात गाडी होती तवर काळजी नव्हती. सहा किलोमीटर अंधारात एकटीला कसं सोडायचं?”

या प्रसंगाची कागदोपत्री नोंद काय झाली ते पाहावे. वाहतुकीच्या कागदावर एक न परवडणारी फेरी कमी झाली. महाविद्यालयाच्या कागदावर दोन मुलींनी शिक्षण सोडले; कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’. रस्त्याच्या कागदावर मोरी पूर्ण, रस्ता बारमाही. प्रत्येक नोंद आपापल्या जागी खरी होती, आणि तरीही त्या मुलींचे वर्ष वाहनाअभावी बुडाले हे एकाही कागदावर आले नाही. त्यात कोणा एका व्यक्तीची वा कार्यालयाची चूक आहे, असे मला म्हणायचे नाही. मोजण्याची पद्धतच अशी आहे.

एसटीच्या भाषेत फेरीचे यशापयश ‘भारमाना’वर ठरते, म्हणजे गाडीने जेवढी आसने वाहून नेली त्यांपैकी किती भरलेली होती याच्या टक्केवारीवर. पगार, डिझेल आणि टायर यांचा खर्च मुख्यतः तिकिटांच्या उत्पन्नातून भागवायचा असल्यावर आगारप्रमुखाने भारमान पाहिलेच पाहिजे. परंतु भारमान हे गाडीत बसलेल्यांचे माप आहे, थांब्यावरून परत गेलेल्यांचे नाही. गाडी दोन-चार वेळा आली नाही की प्रवाशाचा भरवसा उडतो, तो वडापकडे, म्हणजे प्रवासी वाहणाऱ्या खासगी जीपकडे, वळतो किंवा जाणेच रद्द करतो. त्यामुळे भारमान आणखी उतरते, आणि उतरलेले भारमान फेरी बंद करण्याचे पुरेसे कारण ठरते. गरज कमी होती म्हणून फेरी रिकामी गेली, की फेरी बेभरवशाची होती म्हणून गरज दुसरीकडे गेली, हे त्या एका आकड्यावरून कळू शकत नाही. डॉक्टरने ताप पाहावा पण रोग्याला काही विचारू नये, तसे हे होते.

गरज किती दबलेली असते याची खूण अलीकडे सगळ्यांनी पाहिली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. त्यानंतर बाजाराच्या दिवशी कोणत्याही तालुक्याच्या स्थानकावर उभे राहिलेल्या माणसाला फरक डोळ्यांनी दिसला. माहेरी, देवाला, दवाखान्यात जाण्याची या बायकांना गरज आदल्या महिन्यातही होतीच, मात्र पूर्ण तिकीट त्यांना परवडत नव्हते. सवलत हा शासनाचा चांगला निर्णय आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणतो. परंतु अर्धे तिकीट ज्या गावात गाडी जाते त्याच गावात मिळते. वाडीवरची बाई फाट्यापर्यंत वडापला पूर्ण पैसे मोजते, किंवा डोक्यावर ओझे घेऊन चालते, आणि सवलतीचा लाभ तिला तिथून पुढे सुरू होतो. सवलतीवर होणारा खर्च कोणत्या गावांपर्यंत पोहोचतो आणि कोणत्या गावांच्या अलीकडेच थांबतो, हे गावनिहाय पाहिले गेले पाहिजे. त्याचप्रमाणे ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपाच्या काळात कोणते प्रवास वडापवर गेले, कोणते मोटारसायकलवर गेले आणि कोणते थांबलेच, हे माणसांच्या आठवणी ताज्या आहेत तोवर विचारून घेता येईल.

जगभर या विषयात प्रदीर्घ काळ रस्त्यांनाच महत्त्व मिळाले. जागतिक बँकेने रुजवलेला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ९.१.१ या क्रमांकाने स्वीकारला गेलेला निर्देशांक असे विचारतो की, ग्रामीण लोकसंख्येपैकी किती लोक बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहतात. या मापाने माझ्या खोऱ्यातील बहुतेक वाड्या उत्तीर्ण होतात. रस्ता आहे, डांबरी आहे, पावसाळ्यातही उघडा आहे. मात्र त्यावरून सकाळी सहा ते संध्याकाळी आठ या वेळात सर्वांना परवडेल असे काय धावते, हा प्रश्न त्या निर्देशांकाच्या कक्षेबाहेर राहतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि तिने देशाच्या खेड्यांचे चित्र बदलले, यात शंका नाही. या योजनेचा परिणाम सॅम अॅशर आणि पॉल नोव्होसाद या अर्थतज्ज्ञांनी फार बारकाईने तपासला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा की, नव्या रस्त्यामुळे माणसे शेतीतून बाहेरच्या कामांकडे जाऊ लागली, परंतु शेतीचे उत्पादन, कुटुंबाचे उत्पन्न किंवा मालमत्ता यांत मोठा फरक दिसला नाही. या निष्कर्षावरून रस्ते नकोत असा अर्थ काढणे चुकीचे होईल. रस्ता ही सुरुवात आहे आणि पुढच्या वाटचालीची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही, असा अर्थ मी त्यातून घेतो.

मग गावातील माणूस प्रत्यक्षात कुठे आणि कसा जातो? आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले गेले होते, पण हा प्रश्न ‘इतर कामगार’ या वर्गापुरता होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यातून वगळलेले होते. खेड्यातील कामकरी माणसांचा मोठा हिस्सा या तीन वर्गांतच मोडतो. शेतमजूर बायका आज मुकादमाच्या पिकअपमध्ये उभ्याने पंधरा-वीस किलोमीटर दूरच्या कांद्याच्या किंवा टोमॅटोच्या शेतात जातात, आणि अशा गाड्या उलटल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. तरीही त्यांचा प्रवास हा देशाच्या लेखी कामावर जाण्याचा प्रवास ठरलेला नाही. २०२७ ची जनगणना समोर आहे. तिच्यात किंवा तिच्या जोडीने होणाऱ्या एखाद्या नमुना पाहणीत तरी शेतमजुराला हा प्रश्न विचारला जावा.

घरातील कामांसाठीच्या चालण्याचाही असाच विसर पडतो. ऐंशीच्या दशकात टांझानियातील माकेते या जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरोघरी जाऊन लोकांच्या हालचालींची नोंद केली, तेव्हा असे आढळले की बहुतेक ये-जा जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, तर गावाच्या आसपासच, पाणी, सरपण आणि दळण यांसाठी होते आणि तिचा बहुतांश भार बायकांच्या डोक्यावर असतो. त्या अभ्यासानंतर रस्त्यांच्या बरोबरीने पायवाटा, ओढ्यावरचे साकव म्हणजे छोटे पूल, गावाजवळची गिरणी आणि विहीर हेही वाहतुकीचे प्रश्न मानले जाऊ लागले. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, अक्कलकुवा या भागांत राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे आजही आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या येतात, आणि एखादा साकव वेळेत झाला तर ती झोळी टळते. साकव स्वस्त असतो, त्याला बॅटरी लागत नाही, आणि तरीही तो पर्यायी वाहतुकीच्या चर्चेत येत नाही, ही मला या चर्चेतील मोठी उणीव वाटते.

सायकलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या एका साधनाबाबत आपल्याच देशात झालेले पक्के संशोधन उपलब्ध आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी बिहारमधील मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी आणि शेजारच्या झारखंडमधील मुला-मुलींशी करून या योजनेचा परिणाम वेगळा काढला. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातील पुढची नोंद: हा फायदा प्रामुख्याने माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत झाला. म्हणजे सायकलने मुलींना केवळ एक वस्तू मिळाली नाही, अंतर कापण्याचे साधन मिळाले. अनेक मुली एकाच वेळी सायकलवर निघाल्यामुळे रस्ता त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागला असावा, असेही संशोधकांना वाटते. याच्याही आधी, १९९१-९२ च्या सुमारास, तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीने जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने हजारो बायकांना सायकल शिकवली. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीत शिकवणाऱ्या बायका मुलाला पुढे आणि पाण्याची घागर मागे बांधून सायकलवर जाऊ लागल्या. अक्षरओळखीच्या कार्यक्रमात सायकल हवी, हे ज्यांना सुचले त्यांनी बाईच्या दिवसाचा हिशेब नीट मांडलेला होता.

आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि त्याहून दूरच्या मुलींसाठी निळ्या रंगाच्या गाड्या सोडल्या जातात. या निळ्या गाड्यांनी किती मुलींची बारावी पूर्ण झाली असेल याचा मी एक शिक्षक म्हणून सहज अंदाज करू शकतो, आणि ज्यांनी ही योजना आखली त्यांच्याविषयी मला कृतज्ञता वाटते. मात्र तालुका हे माप फार ढोबळ आहे. माझा तालुका त्या यादीत नाही, कारण त्याच्या पूर्वेकडे कालव्याचे पाणी आणि उसाचा पैसा आहे. पश्चिमेच्या डोंगरातील वाडीला त्या पैशाचा काही उपयोग नाही, पण सरासरीत ती वाडी सधन ठरते. सायकलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे. वाटपाच्या दिवशीची संख्या जाहीर होते. दोन वर्षांनी त्यांपैकी किती सायकली चालू स्थितीत आहेत, किती घरातील मुलग्याकडे गेल्या, किती ठिकाणी चेन तुटल्यावर दुरुस्तीचे दुकान पंधरा किलोमीटरवर असल्याने सायकल गोठ्यात उभी राहिली, हे विचारले गेले तर पुढची योजना अधिक शहाणपणाची होईल. घाटाच्या चढावर गिअर नसलेली सायकल मुलीला ढकलतच न्यावी लागते. अशा गावांना वेगळी सायकल हवी की सायकलऐवजी वेगळे वाहनच हवे, हे तिथल्या मुलींनाच विचारले पाहिजे.

घरात मोटारसायकल आली म्हणजे घराचा प्रश्न सुटला, असे आता सर्रास गृहीत धरले जाते. हे गृहीतक मला मान्य नाही. मोटारसायकल घरातील कर्त्या पुरुषाबरोबर सकाळी निघून जाते. मागे राहिलेली सून, सासू आणि शाळकरी मुलगी यांच्यासाठी ती दिवसभर नसल्यासारखीच असते. वाहनांची नोंदणी वाढली म्हणून सार्वजनिक गाडीची गरज घटली, असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने घरातील प्रत्येक माणसाला स्वतंत्रपणे विचारायला हवे की, काल कुठे जायचे होते आणि गेलात का.

वडापविषयी बोलताना आपली भाषा बहुधा कायद्याची असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेण्याचा परवाना वेगळा आहे, वडापच्या बहुतेक जीपांकडे तो नसतो, आणि टपावर व मागच्या फळीवर माणसे लटकवून गाडी हाकणे जिवावर बेतते, हे सर्व खरे आहे. तरीही त्या चालकाला कोणत्या वाडीतून कोणत्या दिवशी किती माणसे निघतात याची जी माहिती असते, ती अन्य कोणाकडे नसते. एखाद्या घरी बाळंतपण जवळ आले असेल तर त्याला ते ठाऊक असते आणि रात्री त्याचाच दरवाजा वाजतो. त्याला नुसते हुसकावून लावण्यापेक्षा विमा, आसनमर्यादा आणि ठरलेली वेळ या अटींवर गावाच्या सेवेत सामावून घेता येईल का, याचा विचार झाला पाहिजे. तमिळनाडूने १९९७ मध्ये मिनीबसची योजना आणून जिथे मोठी बस जात नाही अशा मार्गांवर खासगी छोट्या बसना रीतसर परवाने दिले. केरळच्या राज्य परिवहन महामंडळाने २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ सुरू केली. तिच्यात इंधनाचा खर्च स्थानिक पंचायत उचलते, बस, चालक-वाहकांचे वेतन आणि देखभाल महामंडळाकडे राहते, आणि मार्ग व वेळ ठरवण्यात पंचायतीचा शब्द चालतो. मला ही दुसरी व्यवस्था विशेष विचार करण्यासारखी वाटते, कारण तिच्यात गावाला हक्काबरोबर जबाबदारीही मिळते. आपल्याकडे सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतील बहुतेकींची ऐपत एकटीने इंधनखर्च पेलण्याची नाही, हे मी जाणतो. पण एका खोऱ्यातील सात-आठ ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद मिळून एखादी छोटी गाडी नक्कीच चालवू शकतील. कोणत्या खोऱ्यात ते जमेल आणि कोणत्या खोऱ्यात नाही, हे आधी एका तालुक्यात करून पाहावे.

आता विजेवरच्या वाहनांकडे येतो. केंद्राची ‘पीएम ई-बस सेवा’ ही ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली १० हजार बसची योजना मुळातच तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी आहे. एसटीने २०२३ मध्ये ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. यांतील बारा मीटर लांबीची बस महामार्गावर उत्तम आहे. आमच्या खोऱ्यातील शेवटच्या आठ किलोमीटरच्या वळणांवर मात्र ती वळणारच नाही. दुसऱ्या टोकाला ई-रिक्षा आहे. तिला नियमानुसार ताशी २५ किलोमीटर वेग, चार प्रवासी आणि एकूण ४० किलो सामान एवढीच मुभा आहे. चाळीस किलो म्हणजे टोमॅटोचे दोन कॅरेट. बाजाराला निघालेल्या एका बाईचेच तेवढे सामान असते. या दोन टोकांच्या मधले वाहन, म्हणजे दहा-बारा माणसे, त्यांच्या पाट्या आणि एखादा दुधाचा कॅन घेऊन घाटाचा चढ चढणारी, रात्री गावातच मुक्काम करून शाळेच्या किंवा पंचायतीच्या छतावरील सौर विजेचा आधार घेणारी छोटी विजेरी गाडी, ही ग्रामीण महाराष्ट्राची खरी गरज आहे. बॅटरीवरील प्रवासी वाहनांना केंद्राने २०१८ मध्येच परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे, त्यामुळे कायद्याची वाट पूर्वीइतकी अडलेली नाही. मुक्कामी गाडी हीच जुनी पद्धत या नव्या वाहनाला नेमकी लागू पडते: रात्रभर उभी राहणारी गाडी रात्रीच चार्ज होऊ शकते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शर्यतीच्या गाड्यांबरोबर या गाडीवरही आपली बुद्धी खर्च करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

छोट्या गावात असा बदल कसा होतो याचे जवळचे उदाहरण माथेरानचे आहे. जेमतेम साडेचार हजार वस्तीच्या या गावात मोटारींना बंदी आहे आणि वर्षानुवर्षे माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांच्या उपजीविकेची सोय करण्याचा आदेश दिला. प्रयोगाच्या काळात पर्यटकांइतकाच उपयोग शाळकरी मुलांना आणि वृद्धांना झाला. तिथे प्रश्न वाहनाच्या तंत्राचा कमी आणि घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे, रहिवासी व पर्यटक यांच्या हिताचा मेळ घालण्याचा अधिक होता. इतर गावांतही तसेच होईल, म्हणून वाहन घेण्याआधी माणसांशी बोलणे झाले पाहिजे.

काही भागांत तर रस्त्याचे वाहन हे उत्तरच नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयामागे कांदाटी खोऱ्यातील गावांचा आधार अजूनही लाँच आणि होडी हाच आहे, आणि नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो. गोव्यात दिवाडी आणि चोडण बेटांची फेरीबोट ही तिथल्या माणसांची रोजची वाट आहे. महाराष्ट्रातील जलाशयाकाठच्या गावांना तशी भरवशाची, वेळापत्रकावर चालणारी बोट मिळायला हवी.

हा विषय आता आणखी तातडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांचे दाखले त्यासाठी दिले गेले. या धोरणाविषयी मतभेद आहेत आणि माझे मत त्याच्या विरोधात आहे, पण तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे की, शाळा वाडीतून उठली की आठ वर्षांच्या मुलाचे शिक्षण पूर्णपणे गाडीच्या भरवशावर अवलंबून राहते. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतराचे बंधन घातले ते याच विचाराने. जिथे असा प्रस्ताव असेल तिथे गाडी कोणती, कोणाच्या खर्चाने, पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर काय, आणि गाडी आली नाही त्या दिवसाची नोंद कोण करणार, याचे लेखी उत्तर पालकांना आधी मिळाले पाहिजे.

यासाठी फार मोठा निधी लागेल असे मला वाटत नाही. एसटीच्या तिकीट यंत्रांत प्रत्येक फेरीचा, प्रत्येक टप्प्याचा हिशेब आहे आणि गाड्यांवर ठावठिकाणा कळवणारी यंत्रणाही बसवली गेली आहे. प्रवाशांची ओळख न उघड करता हा तपशील, विशेषतः रद्द झालेल्या आणि उशिरा सुटलेल्या फेऱ्यांचा, गावनिहाय खुला केला, तर तालुक्या-तालुक्यांतील भूगोल, अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यावर काम करू शकतील. उन्नत भारत अभियान आणि आयआयटी मुंबईच्या सहभागाने राज्यात चाललेले उन्नत महाराष्ट्र अभियान यांनी महाविद्यालयांना गावाच्या प्रश्नांशी जोडण्याची चौकट आधीच तयार केली आहे, आणि नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पांना गुणही आहेत. विद्यार्थी दरवर्षी गावात जाऊन कुटुंबांची पाहणी करतातच. त्या प्रश्नावलीत ‘गेल्या महिन्यात कुठे जायचे होते पण जाता आले नाही’ एवढी एक ओळ वाढवण्यास काहीच खर्च येत नाही.

आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी आमच्या खोऱ्यातील गावांत अशी नोंदवही ठेवायला सुरुवात करण्याचे ठरवले आहे. ती प्रत्येक गावातील किराणा दुकानात किंवा अंगणवाडीत राहील, आणि तिच्यात तारीख, वाडी, वय, बाई की पुरुष, कुठे जायचे होते, कशासाठी, आणि का जाता आले नाही, एवढेच रकाने असतील. नाव कोणाचेही लिहिले जाणार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेची मुले लिहितील. पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभांत वाचून दाखवल्या जातील आणि त्यांची प्रत तहसीलदार व आगार यांच्याकडे दिली जाईल. आपल्या वाचकांपैकी ज्यांना आपल्या गावात अशी वही सुरू करायची असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास रकान्यांचा नमुना पाठवण्यास मी बांधील आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)